कर्नल पॅच अपडेट: टेक्स्टचं यामल, व्ही२ गेला

लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) जुन्या डिव्हाइस ट्री बाइंडिंगच्या फाइली यामलमध्ये (मशीनलाही वाचता येईल अशा साच्यात) बदलायला घेतल्यात, त्यातली टेम्परेचर सेन्सरची फाइल झाली आणि काल व्ही२ (पॅचची, म्हणजे सुचवलेल्या बदलाची, दुसरी आवृत्ती) पाठवला. नवीन लोकांसाठी थोडक्यात, बोर्डावर कुठली चिप कुठे जोडलीये हे कर्नलला डिव्हाइस ट्रीतून कळतं, आणि त्यात काय लिहिलेलं चालतं ते, म्हणजे बाइंडिंग, आधी साध्या टेक्स्ट फाइलीत असायचं, म्हणजे माणसानेच वाचायचं आणि माणसानेच तपासायचं. यामल असलं की 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' ही कमांड मारायची, गडबड मशीनच दाखवतं. हार्डवेअर हातात नसलं तरी चालतं त्यामुळे फुकट फौजदारी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काम बेस्ट.

आता खरी मजा. जुन्या फाइलीत व्हीसीसी-सप्लायचा (चिपला वीज कुठून मिळते ते सांगणाऱ्या प्रॉपर्टीचा, म्हणजे नोंदीचा) पत्ताच नाही, पण ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) उघडून बघितला तर तो रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) मागतोय, आणि काही बोर्डांच्या फाइलींमध्ये तो लिहिलेलाही आहे! मग यामलमध्ये घातला. त्यावर रिव्ह्यू आला की प्रॉपर्टी ठीक आहे पण मूळ फाइलीत नसलेलं काही घालताय तर ते का, हे कमिट मेसेजमध्ये (बदलासोबत इतिहासात राहणाऱ्या टीपेत) यायला पाहिजे. बरोबरच आहे, डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) काय बदललं ते दिसतंच की, का बदललं ते पाच वर्षांनी गिट ब्लेम करणाऱ्याला (कुठली ओळ कोणी बदलली ते शोधणाऱ्याला) कोण सांगणार? एका ओळीच्या बदलाला चार ओळींचा मेसेज झाला आणि माझ्या मते वेळ तिथेच घालवावा.

व्ही१ पासून काय बदललं ते मात्र कमिट मेसेज संपल्यावर येणाऱ्या तीन डॅशच्या खाली लिहायचं, पॅच लावताना ते गळून जातं, इतिहासात कचरा राहत नाही. बाकी नेहमीचंच, चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, कोणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते, गिट सेंड-ईमेलने आधी स्वतःलाच पाठवून बघा. आणि मर्ज विंडोच्या (पुढच्या आवृत्तीसाठी बदल मुख्य कर्नलमध्ये घेतात त्या) दोन आठवड्यांत उत्तराची वाट बघत बसू नका, आरसी१ (त्या आवृत्तीची पहिली चाचणी आवृत्ती) येईपर्यंत बहुतेक मेंटेनर (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे) नवीन काही घेत नाहीत.

पुढची फाइल फॅन कंट्रोलरची. यामलमध्ये मेंटेनर्सची ओळ भरावीच लागते आणि ह्या ड्रायव्हरला तर कोणी वालीच दिसत नाही, स्वतःचं नाव टाकलं तर पुढचे सगळे प्रश्न आपल्याच गळ्यात. कोणी अशी ओळ भरली असेल तर काय केलंत ते सांगा.