शेवटचं गाणं फाटत होतं: जुनं कार्ट्रिज उतरवून नवं चढवलं

माझ्या रेकॉर्ड प्लेअरबद्दल तक्रारी दोन होत्या. रेकॉर्डच्या कुठल्याही बाजूचं शेवटचं गाणं आलं की 'स' आणि 'श' फाटायचे, वरच्या पट्टीतल्या आवाजाला चरचरीत कड यायची. शिवाय डावा स्पीकर मधूनच मंद व्हायचा. दोन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालायचं नव्हतं, म्हणून नवी सुई मागवण्याआधी नीट तपासणी केली.

सुईचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लगेच लागला. हिऱ्याचं टोक गोलसर दिसायला हवं, इथे त्याच्या दोन्ही अंगांना चपट्या, चकाकणाऱ्या कडा तयार झालेल्या. अशी सुई खोबणीतून फिरत नाही, खोबण तासत जाते. तिच्यावर आणखी एकही रेकॉर्ड लावू नये.

डाव्या स्पीकरसाठी टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला असलेल्या हेडशेलमधल्या तारांची डाव्या-उजव्याची अदलाबदल केली. अशक्तपणा उजवीकडे गेला, म्हणजे तारा आणि ॲम्प्लिफायर सुटले, दोष कार्ट्रिजच्या पोटात, म्हणजे सुई धरणाऱ्या आणि तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करणाऱ्या डबीत. सुई काढून मल्टिमीटर लावला तर एका कॉइलचं वाचन स्थिर आणि दुसऱ्याचं सतत उड्या मारणारं. मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत चुंबक हलतं, कॉइल स्थिर राहते अशा) कार्ट्रिजची सुई ओढून निघते आणि नवी बसते, एरवी तेवढ्यावर भागलं असतं. पण कॉइलच तुटत आली असेल तर सुईवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

नवं घेतलं ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई. याच्या बॉडीवर त्या मालिकेतल्या सगळ्या सुया बसतात, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डसाठीचीसुद्धा. माझ्या मते निवडीचं सगळ्यात मोठं कारण हेच.

तारा काढताना चिमटा क्लिपला धरायचा, तारेला कधीच नाही. लाल उजवा, हिरवा उजव्याचा ग्राउंड, पांढरा डावा, निळा डाव्याचा ग्राउंड. एक क्लिप सैल होती, तिच्यात टूथपिक घालून बाहेरून हलकेच दाबली. क्लिप कार्ट्रिजवर असताना सोल्डरिंग आयर्न जवळही नेऊ नका. उष्णता पिनेतून आत जाते आणि केसाहून बारीक तार सुटते.

आता खरं काम, ज्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि ती जायलाच हवी होती. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण खोबणीचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर आणि आत लेबलजवळ जेमतेम २१. त्यामुळे १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, तर आत २१. सुईच्या टोकाची बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या दाटीत कार्ट्रिज किंचित जरी तिरपं बसलं तरी पहिला बळी शेवटच्या गाण्याचा जातो.

प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची रेषा आखलेली पट्टी) बेअरवाल्ड पद्धतीचा वापरला. मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई टेकवायची आणि दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेषांना समांतर आणायचं. एक बिंदू जुळवला की दुसरा हलतो. स्क्रू अर्धवट सैल ठेवून, केसभर सरकवून, पुन्हा पहिल्यावर जायचं. मी बॉडीच्या कडेवर विसंबत नाही. समोरून उजेड टाकून कँटिलिव्हरच (टोकाला हिरा असलेली बारीक दांडी) रेषेवर आणतो, कारण तो बॉडीत नेमका सरळ बसलेला असेलच असं नाही. शेवटी स्क्रू आवळतानाही कार्ट्रिज फिरतं, म्हणून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडंथोडं आवळलं आणि परत तपासलं.

सुईचं रेकॉर्डवरचं वजन २ ग्रॅम ठेवलं (कंपनीची मर्यादा १.८ ते २.२). कमी वजन म्हणजे रेकॉर्डवर दया, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंतींवर आदळते, त्यातून जास्त नुकसान होतं. नव्या बॉडीची उंची वेगळी असल्यामुळे टोनआर्मचा पायाही हलवावा लागला; रेकॉर्डवर सुई असताना आर्म समांतर दिसेपर्यंत. अँटिस्केटिंग (आर्मची आत सरकण्याची ओढ तोलणारं बळ) दोनच्या जवळ.

डावं-उजवं आता समसमान आहे. शेवटच्या गाण्यातले 'स' सुटे, स्वच्छ येतात. तंबोऱ्याची जवारी लेबलपर्यंत टिकते. दोन-तीन जुन्या रेकॉर्ड मात्र ठरावीक जागी अजून फाटतात. तिथे खोबणीच्या भिंतीच खरवडल्या गेल्यात, त्या कुठलीही सुई भरून काढणार नाही. मात्र मायक्रोलिनिअर (टोक आणखी बारीक घडवलेली) सुई भिंतीला वेगळ्या पट्ट्यात टेकते, त्यामुळे कमी झिजलेला भाग हाती लागण्याची शक्यता असते. आत्ता बसवलेली इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई कंपनीच्या हिशेबाने ३०० तास चालेल, मायक्रोलिनिअर १०००. मायक्रोलिनिअर सुई याच बॉडीवर चढवून त्याच रेकॉर्ड, त्याच जागी ऐकून पुढची नोंद टाकतो.