साठीनंतरचे घर आत्ताच आखताना

घर बांधायचे म्हटले की आपल्याकडे चर्चा थेट स्लॅब की कौले इथे येऊन ठेपते. मला मात्र साठीनंतर आम्ही त्या घरात कसे राहणार, हे आधी ठरवणे महत्त्वाचे वाटते. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस झोडपून काढतो, म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढी पुढे आलेली वळचण, जांभ्या दगडाची भिंत आणि आई-बाबांसाठी तळमजल्यावर, न्हाणीला उंबरा नसलेली खोली, एवढे आम्ही पक्के केले आहे. पैशांसाठी १५ वर्षांच्या मुदतीचे पीपीएफ खाते आहे.

खरी काळजी कागदपत्रांची घ्यावी. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो; तो जाणकाराकडून ओळ न् ओळ समजून घेतल्याशिवाय विसार देऊ नये आणि शेतजमीन बिगरशेती झाल्याशिवाय पाया खणू नये, असे माझे ठाम मत आहे.

फणस मात्र घराची वाट न पाहता यंदाच्या मिरगालाच लावणार आहोत, कारण बियांपासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षे जातात.