मागच्या रांगेतून हरेगावला

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई पवित्र मारिया हिच्या, यात्रेला मी लहानपणापासून जाते, पण दर वेळी टेम्पोत बसून. यंदा पायी गेले. तेही माझ्या मनाने नाही, सासूबाईंनी दिंडीत माझं नाव देऊन टाकलं होतं. मी नको म्हटलं असतं, पण त्या दिवसांत नको म्हणण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती.

जूनमध्ये आमचं बाळ गेलं. साडेसात महिन्यांचं, पोटातच. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आल्यावर दोन दिवसांनी दूध उतरलं आणि ते थांबवायला छातीला कापड घट्ट बांधून बसावं लागलं, तेवढं मला अजून अंगभर आठवतं. बाकीचं धूसर आहे. शिवलेली झबली सासूबाईंनी ट्रंकेत तळाशी ठेवली. यांनी मनात ठरवलेलं नाव घरात कोणी उच्चारलं नाही. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. देवावर राग होता असंही नाही, रागालासुद्धा अंगात जोर लागतो. प्रार्थनेला बसले की ओठ हलायचे, आत काही नसायचं.

आमच्याकडच्या ख्रिस्ती माणसाला हरेगाव वेगळं सांगावं लागत नाही. श्रीरामपूर तालुक्यातलं, एकेकाळी साखर कारखान्यामुळे गजबजलेलं गाव. 1949 साली येशूसंघी धर्मगुरूंनी तिथे ही यात्रा सुरू केली. 8 सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिन, त्याच्या आगेमागे शनिवार-रविवारी ती भरते. नगर, नाशिक, मराठवाड्यातून लोक येतात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. पायी दिंड्या निघतात त्या अगदी आपल्या मुलखाच्या रीतीने, पुढे झेंडा, मागे गाणी. आम्ही निघालो नेवाशाकडून. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाजवळून मतमाउलीची दिंडी निघते, याचं आमच्यात कोणाला नवल वाटत नाही.

शुक्रवारी पहाटे निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता, चपलेला काळी माती चिकटत होती. उजाडताच जपमाळ सुरू झाली. जपमाळेत दर दहा मण्यांना येशू-मारियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्ये. रांगेचे दोन भाग असतात. पुढचे ‘नमो मारिये’चा पहिला अर्धा भाग म्हणतात, मागचे दुसरा. मला पुढे उभं केलं होतं. पहिल्या भागाच्या शेवटी मारियेच्या उदराच्या फळाला धन्य म्हणायचं असतं. हजारो वेळा म्हटलेले शब्द. त्या दिवशी ‘उदराचे फळ’ला आले आणि घसा बंद झाला. पुढच्या मण्याला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. एका जपमाळेत पन्नास वेळा हे शब्द येतात हे मी कधी मोजलं नव्हतं, त्या दिवशी मोजलं.

तिसऱ्या दशकाला, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला, आमच्या वाडीवरच्या एक मावशी शेजारी आल्या. अंगठेबहाद्दर, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अख्खी तोंडपाठ. त्यांचा थोरला मुलगा ऐन पंचविशीत गेलेला. माझा दंड धरून म्हणाल्या, “बाई, तू मागं ये. मागच्यांना दुसरा अर्धाच म्हणायचा असतो.”

बस, एवढंच. ना ‘देवाची इच्छा’ म्हणाल्या, ना ‘अजून वय आहे तुझं’. ही दोन वाक्यं मी तीन महिने इतक्या जणांकडून ऐकली होती की समोर माणूस दिसला तरी अंग चोरायचे. सांगणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण ज्याची कूस रिकामी झाली त्याला ती वाक्यं धोंड्यासारखी लागतात, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं.

मी मागच्या रांगेत गेले. दुसरा भाग मला म्हणता येत होता: आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आणि जे शब्द माझ्याच्याने निघत नव्हते ते पुढे पंचवीस-तीस जणी मोठ्याने म्हणत होत्या. प्रार्थना थांबली नव्हती. माझ्या वाटणीचीही चालली होती.

दुपारी फादर चालताना जवळ आले तेव्हा आतला खडा बाहेर पडला. विचारलं, “फादर, त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो कुठे असेल?” आमच्या आज्या अशा बाळांसाठी एका वेगळ्याच जागेचं सांगायच्या, ना दुःख ना देवदर्शन. फादर थांबले. म्हणाले, ते चर्चने बंधनकारक श्रद्धातत्त्व म्हणून कधीच ठरवलं नव्हतं. 1992 च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथात, स्पष्ट आहे की अशी बाळं चर्च देवाच्या दयेच्या हाती सोपवतं, आणि त्यांच्या तारणाची आशा धरायला सांगतं. तिथे आधार येशूच्याच शब्दांचा घेतला आहे, बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या. 2007 मध्ये रोमच्या ईशज्ञान्यांनी याच प्रश्नावर सविस्तर लिहिलं. “खात्री आहे असं मी म्हणणार नाही,” फादर म्हणाले, “पण आशा धरायची तुला पूर्ण मुभा आहे.” मुभा हा शब्द मी धरून ठेवला. तीन महिने मला वाटत होतं, आशा धरणं म्हणजे त्याला विसरणं.

टाकळीभानच्या अलीकडे एका वस्तीवर थांबलो. घर ख्रिस्ती नव्हतं. घरधनीण दर वर्षी दिंडीला जेवू घालते, नवस वगैरे काही नाही, सासूने सुरू केलं म्हणून. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. परातीत भाकऱ्यांची चवड होती आणि ती बाई चुलीपुढे धुराने डोळे पुसत थापतच होती. मी अर्धी घेतली. तिने बघितलं, काही न बोलता आणखी एक गरम भाकरी माझ्या हातावर ठेवली. हात पोळला. मी ती खाल्ली. कित्येक दिवसांनी चव लागली.

रात्री मावशींनी एलियाची गोष्ट सांगितली. संदेष्टा तो एवढा मोठा, पण रानात झुडपाखाली पडून देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. “मग देवानं काय केलं? रागं भरला का? दूत पाठवला, भाकर अन् पाण्याचा चंबू घेऊन. तो खाऊन परत झोपला. तरी दूत रागावला नाही. पुन्हा आला, हात लावून म्हणाला, ऊठ, खा, लांबचा पल्ला हाय. देव बोलला ते लई नंतर, डोंगरावर गेल्यावर.” राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. मी तो वाचला होता. भाकर लक्षात राहिली नव्हती.

शनिवारी आनंदाची रहस्ये. हरेगाव फाट्याच्या पुढे रस्ता माणसांनी भरला, दोन्ही बाजूंनी ऊस, वर मळभ. तिसरं रहस्य, बेथलेहेमात येशूचा जन्म. मावशींचा आवाज पार बसला होता. त्यांनी मागे वळून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुढे गेले. दहा मणी. सहा वेळा शब्द अडले, ते इतरांनी पूर्ण केले. चार वेळा माझे मी म्हणाले.

संध्याकाळी हे मोटारसायकलवरून आले. आम्ही मतमाउलीपुढे मेणबत्ती लावली. वारं होतं, यांनी ज्योतीभोवती ओंजळ धरली आणि हळूच ते नाव घेतलं. मी पहिल्यांदाच ऐकलं.

मिस्सेनंतर मैदानात सतरंजी टाकली. वस्तीवरच्या बाईने बांधून दिलेली भाकरी फडक्यात होती, कडक झालेली. दोघांनी वाटून खाल्ली, वर पाणी प्यालो. मग मी आडवी झाले.

तीनला जाग आली नाही. उजाडताना कोणी तरी खांद्याला हात लावला. मावशी होत्या, हातात चहाचा कप.

“ऊठ बाई, खाऊन घे कायतरी.”