कालेस कोवेसची पुळण

स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी मायोर्का आणि इबिसा ही नावे आपल्याकडेही ओळखीची झाली आहेत. मेनोर्का मात्र अजून तितके कुणाच्या तोंडी नाही. क्षेत्रफळ सुमारे 700 चौरस किलोमीटर, वस्ती लाखाच्या आसपास, आणि किनाऱ्याला जागोजागी आत शिरलेल्या, दोन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या चिमुकल्या खाड्या. त्यांतल्या माकारेया आणि माकारेयेता या दोन खाड्यांची छायाचित्रे इतकी फिरली आहेत, की ऐन उन्हाळ्यात तिथे खासगी मोटारी सोडत नाहीत. आम्ही दोघे त्या वाटेला गेलोच नाही. बार्सिलोनाहून विमानाने तासाभरात मेनोर्कातल्या माओ शहरी उतरलो आणि दक्षिण किनाऱ्यावरची, अलायोर गावाच्या हद्दीतली कालेस कोवेस ही खाडी निवडली. सप्टेंबर संपत आला होता, बेटावरची गर्दी ओसरली होती आणि समुद्राचे पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून होते.

इथे पोहोचण्याच्या दोन वाटा आहेत. एक सांत क्लिमेंतकडून येणाऱ्या रस्त्यावरून फुटते आणि लवकरच इतकी खडबडीत होते, की गाडी मागे ठेवून पायीच उतरावे लागते. दुसरी म्हणजे संपूर्ण बेटाला प्रदक्षिणा घालणारी कामी दे कवाल्स ही 185 किलोमीटरची जुनी घोडवाट. काला एन पोर्तेर या वस्तीपासून या वाटेने आम्ही निघालो आणि तासाभरात खाडीवर पोहोचलो. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे, मध्येमध्ये रानटी ऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची फाटके, पायाखाली उन्हाने पांढरी पडलेली चुनखडी आणि वाऱ्यावर रोझमेरीचा वास. किनाऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी शतकानुशतके वापरली गेलेली ही वाट विसाव्या शतकात अनेक जमीनमालकांनी आपापल्या हद्दीत बंद करून टाकली होती. लोकांनी ती परत मागितली, 2000 साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि 2010 मध्ये ती सलग खुली झाली. त्यामुळे आज कोणीही कोणाची परवानगी न मागता या खाडीपर्यंत चालत येऊ शकतो, आणि चालावे लागते म्हणूनच येणारेही मोजकेच असतात. येथील शांततेचे अर्धे श्रेय मी या वाटेला देईन.

दोन घळी समुद्राला मिळतात तिथे ही खाडी बनली आहे, त्यामुळे तिला दोन फाटे आहेत आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला पुळणीचा एक लहानसा तुकडा. पुळण म्हटल्यावर कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे येते, ते इथे अजिबात शोधू नये. वाळू थोडी, गोटे जास्त, आणि पंधरावीस माणसे आली तर जागा संपली. पाण्यात उतरायला कड्याच्या पायथ्याचे सपाट खडकच अधिक सोयीचे पडतात. सावली, उपाहारगृह, स्वच्छतागृह यांपैकी काहीही नाही, तेव्हा पिण्याचे पाणी आणि खाणे बरोबर न्यावे आणि कचरा बरोबर आणावा.

पण इथे येणाऱ्याची नजर आधी पाण्याकडे जात नाही, कड्यांकडे जाते. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींमध्ये चौकोनी, गोल, ओबडधोबड अशी काळी तोंडे वर-खाली विखुरलेली दिसतात. या शंभरेक गुहा माणसांनी खोदलेल्या आहेत आणि त्या राहण्यासाठी नव्हे, मृतांना ठेवण्यासाठी खोदल्या होत्या. इसवी सनापूर्वीच्या सहस्रकात मेनोर्कावर तालायोतिक नावाने ओळखली जाणारी संस्कृती नांदत होती. बेटभर पसरलेले तिचे दगडी बुरूज आणि टी आकाराचे प्रचंड शिलास्तंभ 2023 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्यांच्याबरोबर ही दफनभूमीही. जुन्या गुहा लहान, ठेंगण्या, जेमतेम वाकून शिरता येईल अशा आहेत. नंतरच्या मोठ्या, काहींच्या आत आधाराला खांब सोडलेले, काहींना पुढे अंगणासारखी मोकळी जागा आणि खिडक्या. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गुहेत एकाच गटाची माणसे ठेवली जात.

मराठी माणसाला कड्यातली कोरीव दालने पाहून लेणी आठवणे अपरिहार्य आहे. मला कुड्याची लेणी आठवली, कारण तीही खाडीकडे तोंड करून उभी आहेत. पण साम्य तिथेच संपते. आपला कातळ कठीण बसाल्टचा आणि त्यात भिक्षू राहत, उपासना करत. इथली चुनखडी इतकी मऊ की बेटावरची घरे आजही तिच्याच चिऱ्यांनी बांधलेली दिसतात, आणि इथल्या दालनांत कोणी वस्तीला येणार नव्हते. तरीही दोन्हीकडे खोदणाऱ्यांनी जागा निवडताना समुद्रावरून येणाऱ्यालाही ती दिसेल याचा विचार केला असावा, असे मला राहून राहून वाटले.

समुद्रावरून येणारे तर पुष्कळ होते. घळीत गोडे पाणी मिळते आणि आतला भाग वाऱ्यापासून सुरक्षित असतो, त्यामुळे प्राचीन जहाजे इथे पाणी भरायला थांबत. खाडीच्या तळातून वर काढलेले अँफोरांचे (दोन कानांच्या मातीच्या कुंभांचे) आणि इतर भांड्यांचे तुकडे त्याची साक्ष देतात. पुढे रोमन आले. कोवा देल्स जुरात्स या वरच्या गुहेपाशी खडकावर इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतले लॅटिन लेख कोरलेले आहेत, म्हणजे मूळ संस्कृती लोपत चालल्यानंतरही लोक या जागेला मान देऊन वर चढत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गुहांमध्ये हिप्पी येऊन राहिले, त्यांनी दारे बसवली, चुली मांडल्या. अखेर त्यांना हटवण्यात आले आणि अनेक गुहांच्या तोंडांना लोखंडी गज लागले. ते गज दिसायला कुरूप आहेत आणि त्यांबद्दल तक्रार करणारे प्रवासी भेटतात, पण मला ते पटले. आज आपल्याला मिळते ती शांतता इथे पहिल्यापासून नव्हती. ही खाडी दीर्घकाळ राबती होती आणि निवांतपणा तिला अलीकडे, ठरवून, मिळवून दिलेला आहे.

ठरवून न केल्यास काय होते, ते काला एन पोर्तेरलाच पाहता येते. तिथे कड्यातली कोवा देन शोरोई ही गुहा आता रात्री नृत्यसंगीताने दणाणते. एक कान नसलेला, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला शोरोई एका मुलीला पळवून त्या गुहेत लपला आणि बर्फावर उमटलेल्या पावलांमुळे सापडला, अशी तिथली दंतकथा आहे. मेनोर्कात बर्फ पडणे ही क्वचितची गोष्ट असल्याने हे कथानक मला विशेष आवडले. सूर्यास्त पाहायला तिथे जरूर जावे. त्या दणदणाटाचा आवाज कालेस कोवेसपर्यंत येत नाही हे आपले नशीब.

आता पाण्याविषयी. आमच्याकडे समुद्रावर जायचे तर तिथीची पाऊणपट काढून भरतीची वेळ सांगणारी माणसे अजून आहेत, कारण भरती आणि ओहोटीच्या पाण्यात दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. इथे तो हाताच्या वितीएवढाही जेमतेम असतो. सकाळी ज्या खडकावर पंचे वाळत घातले, तो संध्याकाळी तिथेच, तितकाच कोरडा. भूमध्य समुद्र जवळपास बंदिस्त आहे, बाष्पीभवन जास्त, म्हणून लिटरमागे सुमारे 38 ग्रॅम मीठ. महासागरात ते 35च्या आसपास असते. अंग किंचित अधिक हलके तरंगते आणि डोळे किंचित अधिक चुरचुरतात. ज्या नितळपणाची सगळे वाखाणणी करतात, त्यामागे पाण्यातली पोषकद्रव्यांची टंचाई आहे: सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून पाणी पारदर्शक, आणि म्हणूनच मासळीची आपल्यासारखी रेलचेलही नाही.

तळाशी मधूनच गडद हिरवे पट्टे दिसतात, त्यांना पुष्कळ जण शेवाळ समजतात. ती पोसिडोनिया नावाची समुद्री वनस्पती; तिला मुळे आहेत, ती फुलते, आणि तिची कुरणे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर पुढे सरकतात. बोटीचा नांगर एकदा ओढला गेला तर तिथे पडलेली पांढरी चीर भरून यायला कित्येक दशके जातात, म्हणून 2018 साली बालेआरिक सरकारने या कुरणांवर नांगर टाकण्यास बंदी घातली. हिवाळ्यात तिची वाळकी पाने किनाऱ्यावर ढिगांनी साचतात, कुजकट वास मारतात आणि प्रवासी नाके मुरडतात. हेच ढीग लाटांचा जोर झेलून वाळू धरून ठेवतात. ते उचलून किनारा चकचकीत केला, तर इथल्या असल्या इवल्याशा पुळणीला फार दिवस उरणार नाहीत.

जाणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. आधी माओमधल्या, जुन्या फ्रान्सिस्कन मठात भरवलेल्या मेनोर्का संग्रहालयात दोन तास घालवावेत. खाडीवर एखाददुसऱ्या फलकापलीकडे काही सांगणारे नाही, गुहांच्या आत जाता येत नाही, आणि तालायोतिक लोकांची भांडी, ब्राँझच्या वस्तू पाहून न जाणाऱ्याला वर दिसतात ती नुसती भोके. आम्ही ते अगोदर केले होते, त्यामुळे पोहून झाल्यावर समोरच्या कड्यातली लहान तोंडे आणि मोठी दालने वेगळी ओळखत बसण्यात दुपार गेली.