टाइपरायटरची खोली आणि सोशल स्टडीजचा तास

नववीची परीक्षा झाली आणि १९५९ च्या उन्हाळ्यात मी आपली शाळा सोडली. वडील शेतकी संशोधनासाठी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्सच्या विद्यापीठात निघाले होते आणि त्यांनी आम्हा सगळ्यांनाच बरोबर नेले. १९६१ मध्ये परतल्यावर पुन्हा याच शाळेत अकरावीला बसले आणि एसएससी झाले (तेव्हा एसएससी अकरावीला असे). आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त त्या दिवसांबद्दल माझे वर्गमित्र माझ्याहून चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते मधल्या काळाबद्दल, एम्सच्या हायस्कूलमधल्या दोन विषयांबद्दल. एक ‘बिझनेस’, दुसरा ‘सोशल स्टडीज’. दोन्ही आजही माझ्या उपयोगी पडतात.

१९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यापासून अमेरिकेतल्या शाळांना विज्ञान-गणिताचा ध्यास लागला होता. १९५८ च्या कायद्याने सरकारचा पैसा विज्ञान, गणित आणि परकीय भाषांकडे वळला. टायपिंग, शॉर्टहँड (लघुलेखन), बुककीपिंग (हिशेब लिहिणे) हे विषय मुख्यतः शाळा संपताच नोकरी धरणाऱ्या मुलांचे मानले जात. शॉर्टहँडच्या वर्गात तर आम्ही सगळ्या मुलीच. हुशार मुलाने तिकडे जाऊ नये, असा एक न बोललेला संकेत होता, आणि तो मला तेव्हाही पटला नाही.

आपल्याकडे तेव्हा टायपिंग शिकायचे म्हणजे मॅट्रिकनंतर संध्याकाळी एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये फी भरून जायचे. एम्सला ते शाळेच्या वेळापत्रकातच होते, इतिहासाच्या तासानंतर. यंत्रांच्या बटणांवर अक्षरे नव्हती, सगळी कोरी. अक्षरांचा तक्ता समोरच्या भिंतीवर, म्हणजे नजर बोटांकडे जाण्याची सोयच नव्हती. बाई हातात स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहत. पाच ठोके म्हणजे एक शब्द असा हिशेब, आणि चुकीगणिक वेगातून शब्द वजा. त्यामुळे नुसते भरभर बडवून भागत नसे. शॉर्टहँड ग्रेग पद्धतीची. आपल्याकडच्या पिटमनमध्ये जाड आणि बारीक रेघांचा फरक सांभाळावा लागतो. ग्रेगमध्ये सगळ्या रेघा सारख्याच बारीक, हात कसा वाहत राहतो. परत आल्यावर मात्र इथे पिटमनचेच राज्य असल्याने ती कुठे चालली नाही.

बुककीपिंग मला सर्वांत सोपे गेले. आजोबांच्या दुकानातली कीर्द (रोजची नोंदवही) आणि खतावणी (खात्यांची वही) लहानपणापासून पाहिलेली. नावे आणि जमा यांची तोंडे कुठे वळतात हे अंगवळणी पडलेले होते, आणि तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळली की होणारा आनंद आयोवातही तसाच निघाला.

पण खरी शिदोरी मिळाली ती ‘जनरल बिझनेस’च्या तासाला. चेक कसा लिहायचा, विमा म्हणजे काय, १५ एप्रिलपूर्वी भरायचा आयकराचा फॉर्म कसा वाचायचा, हे सगळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शिकवत. एकदा बाईंनी फळ्यावर हप्त्याने मोटार घेण्याचे गणित मांडले. समजा, १०० डॉलर कर्ज, व्याज ६ टक्के, मुदत एक वर्ष. दुकानदार १०० मध्ये ६ मिळवतो आणि १०६ चे बारा हप्ते पाडतो. ‘व्याज किती?’ बाईंनी विचारले. आम्ही सगळे म्हणालो, सहा टक्के. त्या म्हणाल्या, ‘शंभर डॉलर वर्षभर तुमच्याकडे राहिले का?’ पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फिटत जाते, म्हणजे वर्षभरात सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम आपल्या हाती असते, आणि व्याज मात्र पूर्ण शंभरावर. हिशेब केला तर दर ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. वर्ग गप्प झाला. दुकानदाराने खरा वार्षिक दर लिहून दाखवावा असा देशव्यापी कायदा अमेरिकेत १९६८ मध्ये झाला. आमच्या बाईंनी तो हिशेब त्याआधीच शिकवून ठेवला होता. पुढे मी बँकेत नोकरी केली, आणि ‘फ्लॅट रेट’ने, म्हणजे अशाच पूर्ण मुद्दलावरच्या व्याजाने, घेतलेल्या गाडीच्या कर्जाचे कागद घेऊन कुणी समोर बसले की मी कागदावर हेच गणित मांडत असे.

सोशल स्टडीजच्या तासाला पुस्तक होते, पण अर्धा वेळ वर्तमानपत्रावर जाई. मी शाळेत जाऊ लागले त्याच सप्टेंबरात सोव्हिएत रशियाचे पंतप्रधान ख्रुश्चॉव्ह आयोवातली मक्याची शेती पाहायला आले आणि एम्सच्या विद्यापीठातही येऊन गेले. शत्रू मानलेल्या देशाचा प्रमुख गावात येतो आणि सर वर्गात विचारतात, ‘तुम्ही त्यांना काय विचाराल?’ सरांना प्रश्न विचारायचे असतात, आणि सरांच्या मताविरुद्धही बोलायचे असते, हे मला सवयीचे व्हायला वेळ लागला.

१ फेब्रुवारी १९६० ला दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना वाढले नाही, तरी ते उठले नाहीत. वर्गात चर्चा निघाली. हे सगळे दक्षिणेतले, असे एक मुलगा म्हणाला. तेव्हा सरांनी आयोवाच्याच राजधानीतला, डी मॉइनचा खटला सांगितला. १९४८ मध्ये तिथल्या कॅट्झ ड्रगस्टोअरमध्ये एड्ना ग्रिफिन या बाईंना कृष्णवर्णीय म्हणून आइस्क्रीम नाकारले होते. आयोवाचा नागरी हक्कांचा कायदा १८८४ पासून होता, पण तो वापरायला अशी बाई उभी राहावी लागली. दुकान चालवणारा दोषी ठरला आणि १९४९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. डी मॉइन आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर.

मग सर माझ्याकडे वळले. मार्टिन ल्यूथर किंग आदल्याच वर्षी भारतात जाऊन आले होते, तेव्हा सत्याग्रहाबद्दल मी सांगावे अशी त्यांची अपेक्षा. मी गांधीजींबद्दल बोलले. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘तुमच्याकडे असे कुणाला पाणी, अन्न नाकारत नाहीत?’ मी महाडबद्दल सांगितले. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तळे नगरपालिकेने आधीच सर्वांना खुले केले होते, तरी तो हक्क कोर्टात पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. हेच आंबेडकर तुमच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, हेही सांगितले. मला हे आपल्या शाळेतल्या पुस्तकाने शिकवले नव्हते, घरी वडिलांनी सांगितले होते. सरांनी फळ्यावर एका बाजूला काउंटर आणि दुसऱ्या बाजूला तळे लिहिले आणि तो तास संपेपर्यंत कुणी तुमचा देश, आमचा देश असे बोलले नाही.

मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले. ते मी वर्गात नकाशा काढून सांगितले. भाषेवरून राज्य का मागायचे, हा प्रश्न बराच वेळ चालला. नोव्हेंबरात केनेडी-निक्सन निवडणूक. टेलिव्हिजनवरचा वादविवाद पाहणे हा गृहपाठ होता. मताचे वय तेव्हा २१ होते, पण शाळेत मतपत्रिका वाटून आमचेही मतदान घेतले.

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त नवा संगणक कक्ष होतो आहे, त्यासाठी मी माझा वाटा दिला आहे. मुख्याध्यापकांना एक विनंतीही केली आहे. दहावीच्या मुलांना महिन्यातले दोन शनिवार मला द्या. एका शनिवारी कर्जाचा कागद, पगाराची पावती, विम्याची पॉलिसी कशी वाचायची ते शिकवीन. दुसऱ्या शनिवारी त्या आठवड्याचे वर्तमानपत्र घेऊन बसू आणि मुले विचारतील त्यावर बोलू. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, तेव्हा वर्ग तळमजल्यावर असावा एवढीच अट घातली आहे.