चाकं खाली सोडलेलं विमान

वृत्तपत्रांच्या जुन्या फोटोंची सूची करताना छाप आधी पालथा करायचा, ही आमच्या विभागाची सवय. पाठीवर एजन्सीचा शिक्का, अंकात वापरल्याची तारीख, चिकटवलेली फोटोओळ, सगळं तिथे सापडतं. त्या दिवशी मात्र पाठीनेच मला फसवलं.

खोक्यावर लिहिलं होतं 'युद्ध, 1945'. सकाळ मजेत गेली, कारण त्यात कसा कोण जाणे 1948 चा, अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमन येऊन पडला होता. निवडून आलेला ट्रुमन, आणि हसत उंच धरलेल्या 'शिकागो ट्रिब्यून'चा मथळा काय, तर प्रतिस्पर्धी ड्युईने त्याला हरवलं! तो बाजूला ठेवून पुढचा छाप उचलला. आठ बाय दहा इंच, कडा वळलेल्या. ढिगाऱ्यावर उभी मुलं, डोक्यावर अगदी खाली आलेलं चार इंजिनांचं विमान. पाठीवर मे 1955 चा शिक्का आणि टंकलेली ओळ: 'बर्लिनवरील बाँबहल्ला, 1945'. युद्ध संपल्याला दहा वर्षं झाली म्हणून कुणीतरी कपाटातून काढून वापरला असणार. पडकी घरं, पोरं, विमान. शंका यायचं कारणच नव्हतं. मीही ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली.

शेजारच्या टेबलावरून बाई डोकावल्या. त्यांची या कामात तीस वर्षं गेली आहेत. "काय रे, बाँब टाकायला आलेलं विमान उतरायला निघाल्यासारखं चाकं खाली सोडून येतं का?"

चाकं! मी मुलांकडेच पाहत बसलो होतो. आणि तीही नीट पाहिली नव्हती, कारण त्यांतली दोघं चक्क हात हलवत होती.

भिंग लावलं. विमानाच्या कुशीवर अमेरिकी तारा, दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी, पट्टीच्या मधोमध आडवी करडी रेघ. ही रेघ मूळची लाल, आणि अमेरिकेने ती आपल्या चिन्हात घातली जानेवारी 1947 मध्ये. 1945 बाद!

मग उलगडायला वेळ लागला नाही. जून 1948 मध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे अडवले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने ते शहर विमानांनी जगवलं. निम्म्याहून जास्त वजन नुसत्या कोळशाचं. एप्रिल 1949 मध्ये एकदा चोवीस तासांत 1,398 फेऱ्या झाल्या, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक. टेंपलहोफचा विमानतळ वस्तीच्या मधोमध, त्यामुळे विमानं छपरांवरून उतरायची. गेल हॅल्व्होर्सन हा वैमानिक रुमालाच्या छत्र्यांना चॉकलेटं बांधून खाली सोडायचा आणि आपलं विमान मुलांना ओळखू यावं म्हणून पंख हलवायचा. चार वर्षांपूर्वी याच देशांच्या विमानांचा आवाज आला की हीच पोरं तळघरात पळाली असतील.

तारीख 'जून 1948 ते सप्टेंबर 1949' अशी ऐसपैसच लिहिली. त्याहून जास्त तो छाप बोलत नव्हता. पाठीवरची ओळ सोलायला मी नख लावलं, तशा बाई ओरडल्या, "हात लावू नकोस! 1955 साली लोकांनी हेच वाचलंय. ती चूकही जपायची."

छाप 'बर्लिन नाकेबंदी'च्या खोक्यात गेला, जुन्या जागी चिठ्ठी ठेवली. माझ्या खोक्यात अजून साठेक छाप होते. त्यांतले विमानांचे तेवढे वेगळे काढले आणि पुन्हा भिंग उचललं.