रविवारी सुटणारं जहाज

कारिआकू हे कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या उत्तरेचं जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं बेट. कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांच्या आठवणी तिथे 'बिग ड्रम' या ढोल-नाचाच्या विधीतल्या गाण्यांत टिकल्या आहेत. त्या दिवशी मला त्यातलं एकच गाणं उतरवायचं होतं: लिदे, मैवाझ, माझ्यासाठी रडा, येत्या रविवारी जहाज हैतीला सुटतंय.

गाणं पात्वातलं, म्हणजे फ्रेंच क्रिओलमधलं. बेटावर ही भाषा बोलणारे थोडेच उरलेत, त्यामुळे शब्द पाठ असतात आणि अर्थ निसटलेला असतो. त्यातून ढोल तीन: दोन बूला, एक कट. रमच्या पिंपांचे, वर शेळीचं कातडं. कटच्या कातड्यावर टाचण्या ओवलेला दोरा ताणलेला असतो. त्याच्या झणझणाटात गायिकेची व्यंजनं बुडतात. म्हणून आधी ढोलासकट रेकॉर्ड केलं, मग ढोल थांबवून संथ चालीत गाऊन घेतलं. नुसतं बोलून दाखवायला सांगायचं नाही. चाल सुटली की ओळी गळतात.

संध्याकाळी १८१७ पासूनच्या गुलाम-नोंदवह्या उघडल्या. नाव, वय, जन्म बेटावरचा की आफ्रिकेतला, एवढं त्यात मिळतं. आफ्रिकेतून आलेल्यांची क्रोमांती, इग्बो, मांदिंग, काँगो अशी कुळं मात्र गाण्यांनी जपली. (तिथेही जपून: क्रोमांती हे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवरच्या (आजचा घाना) कोरमांतीन बंदराचं नाव, एका जमातीचं नव्हे.)

'लिदे'शी जुळणारं 'लिडिया' शोधायला हात शिवशिवत होते. पण आधी सालं मांडली. सां-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामगिरी १७९३ मध्ये रद्द झाली. गाण्यातल्या माणसाला तिथे विकायला नेलं असेल, तर ते त्याआधी. नोंदवही सुरू झाली किमान चोवीस वर्षांनी. लिदे आणि मैवाझ या दोघी मागे बेटावरच राहिल्या असल्या, तरी वहीतली एखादी लिडिया तीच, असं कशावरून म्हणणार? शिवाय त्या देशाचं 'हैती' हे नाव १८०४ चं. म्हणजे गाणं जुनं असेल तर निदान एवढा शब्द पुढच्या पिढ्यांच्या तोंडी बदललाय, किंवा जहाजाचं ठिकाणच बदललंय. यातलं कुठलं खरं, हे एका आवाजावरून ठरवता येत नाही.

मी कार्डावर 'हैती' ऐकलं तसंच लिहिलं, सालाचा रकाना कोरा सोडला, आणि खाली नोंद केली: दुसऱ्या घराण्याकडून हेच गाणं घ्यायचं, जहाज कुठे जातं, हे आपण सुचवायचं नाही.